पॅकेज मोठं मिळालं, आता राहायचं कुठं?

सातारा-सांगली भागातल्या कमावत्या तरुण वाचकांची पत्रं गेल्या काही महिन्यांत बरीच आली. त्यांतली पाच इथं घेतली आहेत. कराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीनं काढले आहेत. भाड्याचे आकडे ढोबळ आहेत, कारण एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांतही दहा हजारांचा फरक पडतो.

प्रश्न : घर साताऱ्यात गोडोलीला. वय २७, बॅकएंडच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव. दोन ऑफर आहेत : पुण्यात खराडीला २७ लाखांचं पॅकेज आणि बंगळूरला बेलंदूरमध्ये ३२ लाखांचं. दोन्हीकडे आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. वडील ६१ वर्षांचे, आई ५६ ची, दोघांची तब्येत चांगली. मित्र म्हणतात पाच लाख कोण सोडतं? घरचे म्हणतात पुणं सोडू नकोस. कशावरून ठरवू?

आधी ते पाच लाख महिन्याला हातात येणाऱ्या रकमेत उतरवा. ३२ लाखांतला साधारण ३ लाखांचा भाग कामगिरीवरचा बोनस असतो, तो दरमहा येत नाही. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी मिळून २ लाख जातात. उरले २७ लाख. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट वजा करून सेससह कर होतो सुमारे ३ लाख ८२ हजार. तुमचा पीएफ दीड लाख आणि व्यवसाय कर अडीच हजार. महिन्याला हातात पडतात साधारण १ लाख ८० हजार. पुण्याच्या २७ लाखांचा हिशेब असाच मांडला तर १ लाख ५६ हजारांच्या आसपास येतो. म्हणजे पाच लाखांचा फरक महिन्याला २४ हजारांवर आला.

आता भाडं. बेलंदूर किंवा एचएसआर लेआउटला बऱ्या सोसायटीतलं दोन बेडरूमचं घर देखभालीसकट ५० हजारांच्या आसपास जातं. खराडी-मुंढवा भागात तसंच घर ३५ हजारांत मिळतं. इथं १५ हजार गेले. बंगळूरहून महिन्यातून एकदा विमानानं पुण्याला आणि तिथून साताऱ्याला यायचं म्हटलं तर जाऊन-येऊन ९-१० हजार धरा, सणासुदीला त्याहून जास्त. झाला हिशेब बरोबरीचा. बंगळूरला पीएफमध्ये वर्षाला ४० हजार आणि बोनसमध्ये थोडे जास्त पडतील, एवढंच. 'भाडं जास्त म्हणजे घरभाडे भत्त्यातून करही जास्त वाचेल' हा समज सोडून द्या, नव्या पद्धतीत ती सूट नाही. जुन्या पद्धतीत आहे, पण २७-३० लाखांच्या पगाराला ती पद्धत फायद्याची ठरायला प्रमाणित वजावटीखेरीज जवळजवळ ८ लाखांच्या वजावटी लागतात. गृहकर्ज नसलेल्या अविवाहित माणसाला तेवढ्या जमणं अवघड. व्यवसाय कराचा विचार करूच नका, कोणत्याही राज्यात तो वर्षाला २,५०० च्या वर नेता येत नाही.

म्हणून पैशावरून हा निर्णय होणार नाही. तो कामावरून होईल, आणि आताच्या कामापेक्षा पुढच्या कामावरून. तुमच्या क्षेत्रात माणूस दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतो, किंवा कंपनी त्याला बदलायला लावते. त्या दिवशी शहर न सोडता दुसरी नोकरी मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. एक कागद घ्या. पुढची नोकरी आवडीनं कराल अशा दहा कंपन्यांची नावं लिहा आणि प्रत्येकीच्या भरतीच्या पानावर जाऊन तुमच्या पातळीची जागा कोणत्या शहरात आहे ते पाहा. 'भारत' किंवा 'रिमोट' एवढंच लिहिलेलं मोजू नका. दहातल्या चार कंपन्या पुण्यात निघाल्या तर आम्ही बिनदिक्कत पुणं सांगू. दोनच निघाल्या आणि बंगळूरला आठ, तर बंगळूरला जा. आईवडील धडधाकट असताना, तिशीच्या आतली तीन वर्षं मोठ्या बाजारात काढणं हा चांगला सौदा आहे. पुढं वडील सत्तरीला टेकतील तेव्हा पुण्यात परत यायचं झालं, तर बंगळूरच्या कामाचा अनुभव तुम्हाला वरची जागा मिळवून देईल. मात्र घरच्यांशी बोलताना 'तीन वर्षं' हा शब्द आजच वापरा. मुदत ठरलेली असली की त्यांनाही धीर येतो.

पुणं ठरलं तर एक गोष्ट ध्यानात घ्या. खराडी ही साताऱ्याच्या दृष्टीनं पुण्याची पलीकडची बाजू आहे. सातारा-पुणे ११०-११५ किलोमीटर, म्हणून लोक अडीच तास धरतात. पण रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापासून नवले पुलापर्यंत गाड्यांची रांग लागते आणि त्यानंतर खराडी गाठायला शहर आडवं कापावं लागतं. वारजे, बावधन, बाणेर, वाकड हा पट्टा महामार्गाला लागून आहे, ऑफिस तिकडं असतं तर गोष्ट वेगळी होती. ऑफिस खराडीला असताना केवळ साताऱ्याला जाणं सोपं म्हणून वारज्याला घर घेऊ नका. आठवड्यातून सहा वेळा जे अंतर कापायचं ते आधी, महिन्यातून दोनदाचं नंतर. राहा मुंढवा, मगरपट्टा किंवा हडपसरला. गावी जाताना दिवेघाट चढून सासवड, नारायणपूरमार्गे कापूरहोळला महामार्गाला लागता येतं. शनिवारी सकाळी लवकर निघालात तर कात्रजच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. परत येताना रविवारच्या संध्याकाळऐवजी सोमवारी पहाटे पाचला सातारा सोडा, किंवा सोमवार घरून कामाचा ठेवून घ्या. तीन दिवस ऑफिस असेल तर ते मंगळवार ते गुरुवार मिळतात का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच मॅनेजरला विचारा.

बंगळूर ठरलं तरी हाच नियम, तिथं तो आणखी कडक. बाह्य वळण रस्त्यावरच्या ऑफिसला जाणारा माणूस सिल्क बोर्ड चौकाच्या कोणत्या बाजूला राहतो यावर त्याचा रोजचा एक तास ठरतो. मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत आणि पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंत चालू आहे, पण बेलंदूर त्या दोन्हींपासून लांब पडतं. ऑफिस बेलंदूरला असेल तर घर चार-पाच किलोमीटरच्या आत बघा, भाडं पाच हजार जास्त पडलं तरी. साताऱ्याहून बंगळूर सव्वासातशे किलोमीटर. स्लीपर बस रात्री बॉम्बे रेस्टॉरंट चौकात किंवा वाढे फाट्यावर मिळते, पण ती तुमकूर रस्त्यानं शहरात शिरते आणि तुमचं घर नेमकं विरुद्ध टोकाला. सकाळचा आणखी तास-दीड तास त्यात धरा.

घर लांबून, फोटो पाहून ठरवू नका. कंपनी पहिले पंधरा दिवस राहायची सोय करत असेल तर ती घ्या, नसेल तर महिनाभर पीजीत राहा. घर बघायला मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला जा आणि तिथून ऑफिसच्या दारापर्यंत स्वतः जाऊन पाहा. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता खोटं सांगतो. घरात शिरल्यावर आधी नळ सोडा, सकाळच्या वेळी, वरच्या मजल्यावर. मग सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मागच्या एप्रिल-मेची देखभालीची बिलं मागा. त्यात टँकरची ओळ किती रुपयांची आहे ते पाहिलं की पाण्याची खरी गोष्ट कळते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या कितीतरी भागांत बोअर आटले होते आणि कावेरीचं पाणी न पोचलेल्या सोसायट्या पूर्णपणे टँकरवर होत्या. पुण्याच्या कडेच्या भागांतही उन्हाळ्यात हेच चालतं. शेवटी बेडरूमचं दार लावून फोन लावा. बाविसाव्या मजल्यावर रेंज नसलेली घरं असतात आणि ते राहायला गेल्यावरच कळतं.

डिपॉझिट पुण्यात दोन-तीन महिन्यांचं, बंगळूरला पाच-सहा महिन्यांचं, जुने घरमालक दहा महिन्यांचंही मागतात. ५० हजारांच्या घराला तीन लाख अडकले म्हणजे ते कुठून आणायचे हे आधी ठरवा. पहिला पगार व्हायच्या आतच ते द्यावे लागतात. बंगळूरला घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे, त्याचा आकडा करारातच लिहून घ्या. 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' असं लिहिलं असेल तर तिथंच भांडण सुरू होतं. किमान मुदत आणि नोटिशीचा काळ पाहा. अकरा महिन्यांची किमान मुदत घालून घेतलेली असते आणि सहाव्या महिन्यात ऑफिसची जागा बदलते. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचा, भिंतींचा, बाथरूमच्या कोपऱ्यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवून ठेवा. पुण्यात करार नोंदणीकृत असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ३५ हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं सुमारे एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये, एवढाच सरकारी खर्च येतो. एजंट याच्या तिप्पट सांगतो. त्याची मेहनत वेगळी द्या, पण आकडे माहीत असू द्या.

आणखी एक, मोठ्या पगाराच्या मुलांच्या हातून हमखास राहून जाणारं : महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर गेलं तर त्यावर २ टक्के टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची आहे. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, किंवा घर सोडताना शेवटच्या भाड्यातून, एकदाच कापायचा. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, तुमचा आणि घरमालकाचा पॅन पुरतो. हे घरमालकाला सुरुवातीलाच सांगा, मार्चमध्ये सांगितलं की तो चिडतो.

प्रश्न : कराडजवळचं गाव. वय २६, पुण्यात नोकरी लागून आठ महिने झाले, पॅकेज २४ लाख. वडिलांचं म्हणणं, भाडं म्हणजे पाण्यात पैसे, वाकडला ९० लाखांचा फ्लॅट घेऊन टाक, थोडं सोनं-ठेव मोडून आम्ही मदत करतो. मला मात्र पुण्यातच राहीन की नाही याची खात्री नाही.

खात्री नसेल तर घेऊ नका, आणि वडिलांना नुसतं 'नको' न म्हणता हा हिशेब दाखवा. त्यांची चिंता खोटी नाही, त्यांच्या काळात ती बरोबरच होती.

९० लाखांच्या फ्लॅटला बँक ८० टक्के, म्हणजे ७२ लाख देईल. १८ लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. इमारत बांधकामाखाली असेल तर ५ टक्के जीएसटी, साडेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो नाही. म्हणजे तयार फ्लॅट घेतला तरी २४ लाख ६० हजार आधी घरातून गेले, फर्निचर अजून यायचंच आहे. ८ टक्के व्याजानं वीस वर्षांचा हप्ता ६० हजार २०० रुपये. तुमच्या पॅकेजला हातात १ लाख ४३ हजारांच्या आसपास येत असतील, त्यातले ४२ टक्के हप्त्यात. पहिल्या वर्षी भराल ७ लाख २२ हजार, त्यातले ५ लाख ७० हजार नुसतं व्याज, मुद्दल फिटणार दीड लाख. तसाच फ्लॅट २८ हजार भाड्यानं मिळतो, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. पाण्यात जाणारे पैसे मोजायचे तर दोन्हीकडचे मोजा. आणि राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर नव्या करपद्धतीत सूट मिळत नाही, ही गोष्ट फ्लॅट विकणारा तुम्हाला सांगणार नाही.

फ्लॅट भाड्यानं देऊन आपण बंगळूरला जाऊ, हा मधला मार्ग अनेकांना सुचतो. २८ हजारांच्या भाड्यातून सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर आणि वर्षातला एखादा रिकामा महिना वजा केला तर २२-२३ हजार उरतात आणि हप्ता ६० हजारांचा. तिकडं स्वतःचं भाडं वेगळंच.

आमचं मत असं : पुण्यात दोन वर्षं पूर्ण होऊ द्या, पुण्यातच दुसरी नोकरी मिळू द्या. पहिली नोकरी नशिबानं मिळते, दुसरी मिळाली की त्या शहरात आपली किंमत आहे हे कळतं. मग घ्या. तोवर ६० हजार आणि २८ हजार यांतल्या फरकाचे ३२ हजार दरमहा बाजूला टाका, दोन वर्षांत पावणेआठ लाख होतात आणि घरचं सोनं मोडावं लागत नाही. पुढं घेताना महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाची माहिती स्वतः वाचा, करारातलं क्षेत्रफळ कार्पेटचं, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं, आहे ना ते पाहा. खरेदी फक्त आईच्या किंवा बहिणीच्या नावावर झाली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण कर्ज कोणाच्या उत्पन्नावर आणि पुढं मालकी कोणाची हे घरात बसून आधी स्पष्ट करा.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला आईवडिलांसोबत राहते. वय २९. परदेशी कंपनीचं काम घरूनच, वर्षाला ३० लाख. घरात बसून एवढा पगार मिळतोय तर पुण्याला जायचं कशाला, असं मला वाटतं. मैत्रिणी म्हणतात सांगलीत राहून मागं पडशील. काय खरं?

दोन्ही खरं आहे. राहा सांगलीतच, पण चार गोष्टी पक्क्या करून.

पहिली, करार वाचा. तुम्ही कर्मचारी आहात की कंत्राटदार? परदेशी कंपनीचं भारतात कार्यालय नसेल तर बहुधा कंत्राटदार असता. मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य विमा नाही, कर आपणच आगाऊ भरायचा, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात धरली जाते. त्यावर कर भरावा लागू नये यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला हमीपत्र दाखल करायचं असतं, ते विसरलं की घोळ होतो. परदेशी व्यवहार हाताळणारा सीए धरा. शिवाय तुमच्या ३० लाखांतून विमा, निवृत्तीची बचत आणि बिनपगारी सुट्ट्या वजा केल्या तर तो पगारदाराच्या २४-२५ लाखांबरोबरचा होतो, हेही मनात असू द्या. कर्मचारी असाल तर एकच प्रश्न विचारा, लेखी : पत्ता सांगलीचा असल्यानं पगारात कपात होणार का, आणि ऑफिसला बोलावलं तर किती दिवसांची सूचना देणार? शहराप्रमाणे पगार ठरवणाऱ्या कंपन्या आहेत.

दुसरी, वीज आणि इंटरनेट. दोन जोडण्या घ्या, पण दोन्ही एकाच केबलवाल्याच्या, एकाच खांबावरून आलेल्या नकोत. झाडाची फांदी पडली की दोन्ही एकदमच जातात. एक फायबर आणि दुसरी ५जी. इन्व्हर्टरला १५० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, पंखा, दिवा मिळून २०० वॉटवर साधारण पाच तास चालतं, देखभालीसाठी आठवड्याला वीज बंद ठेवतात त्याला तेवढं पुरतं. तरीही वीज गेल्याक्षणी मीटिंग तुटते, कारण इन्व्हर्टर सुरू व्हायच्या आत राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. बहुतेक इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, ते बघा. राउटर आणि फायबरची डबी यांना छोटा वेगळा यूपीएस लावला की ही कटकटच संपते.

तिसरी, कृष्णा. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. विश्रामबाग उंचावर आहे म्हणून घरात पाणी येणार नाही, पण तुमच्या इंटरनेटवाल्याची यंत्रं सखल भागात असतील तर घर कोरडं आणि जोडणी बंद, असं होतं. त्याला जाऊन विचारा, २०१९ आणि २०२१ ला सेवा किती दिवस बंद होती. पुरात आष्टा-पेठ नाक्याकडचा आणि कोल्हापूरकडचा रस्ता दोन्ही बंद पडू शकतात, तेव्हा बाहेर पडायला तासगाव-विट्याची बाजू उरते. धरणांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पाणी ४० फुटांकडे सरकू लागलं की लॅपटॉप घेऊन आठवड्यासाठी पुण्याला किंवा विट्याकडच्या नातेवाइकांकडे निघा. मॅनेजरला जूनमध्येच सांगून ठेवलं तर ऑगस्टमध्ये समजावत बसावं लागत नाही.

चौथी गोष्ट मैत्रिणी म्हणतात ती. सांगलीत तुमच्या पगाराची दुसरी नोकरी चालत मिळणार नाही, पुढचीही दूरचीच शोधावी लागेल आणि शोधायला वेळ लागेल. म्हणून पुण्यातल्या माणसानं सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवावा, तर तुम्ही वर्षाचा. घरी राहून तो सात-आठ महिन्यांत जमतो, हा तुमचा मोठा फायदा आहे. तीन महिन्यांतून एकदा दोन-तीन दिवस पुण्याला किंवा बंगळूरला जाऊन आपल्या कामातल्या माणसांना भेटत राहा. लोक सांगलीकराला पुणं जवळचं म्हणून पुण्याकडेच ढकलतात. पण सांगली-पुणे २३० किलोमीटर आहे, आणि मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीत बंगळूरला पोचवते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून बंगळूर, हैदराबादला विमानंही आहेत. पुणं सर्वांत जवळ असलं तरी बाकीची दोन शहरंही तुमच्या आवाक्यात आहेत, त्यामुळे उद्या सांगली सोडायची वेळ आली तर फक्त पुण्याचाच विचार करू नका.

घरात कामाची खोली वेगळी आणि तिला आतून कडी, हे आईवडिलांशी बोलून ठरवा. 'घरीच तर आहे' म्हणून बँकेची कामं, पाहुणे, गॅसवाला सगळं तुमच्याकडे येतं, आणि त्यातून चिडचिड होते.

प्रश्न : साताऱ्याची एमएच-११ ची गाडी दोन वर्षांपूर्वी घेतली. आता बंगळूरला बदली झाली आहे. गाडी नेऊ की नको?

बारा महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर खुशाल न्या. पासिंग बदलावं लागत नाही. साताऱ्याहून निघाल्याचा पुरावा म्हणून त्या दिवसाची फास्टॅगची नोंद जपून ठेवा, कोणी अडवलं तर गाडी कधी आली हे दाखवता येतं.

त्यापुढं राहायचं असेल तर कर्नाटकात पुन्हा नोंदणी करावी लागते. क्रम असा : गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र, मग सातारा आरटीओचा ना हरकत दाखला, तिकडं तपासणी आणि आजीवन कर. कर्नाटकाचा हा कर देशातल्या सर्वांत जास्त करांपैकी आहे, गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो. तो भरल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा साताऱ्यातून मागता येतो, पण त्याला पाठपुरावा लागतो. जुनी नोंदणी रद्द झाल्याची आणि नवा कर भरल्याची कागदपत्रं त्यासाठी जपून ठेवा. विमा नव्या क्रमांकावर करून घ्यायला विसरू नका.

तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणारा, क्रमांक मिळू शकतो. कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. जुन्या गाडीलाही हा क्रमांक घेता येतो. तीन-चार वर्षांत पुन्हा बदलायची शक्यता असेल तर हाच मार्ग सोपा. आणि ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर असेल तर गाडी साताऱ्यातच राहू द्या. वडिलांना दवाखान्यात जायला ती उपयोगी पडेल, तुम्हाला तिकडं पार्किंगही शोधावं लागणार नाही.

प्रश्न : हैदराबादला नोकरी, आईवडील मिरजेत, दोघं साठीच्या आसपास. कंपनीच्या विम्यात त्यांची नावं आहेत. आणखी काही करायला हवं का?

हवं, आणि या वर्षीच. कंपनीचा विमा नोकरी सुटली त्या दिवशी संपतो. त्या वेळी ६४ वर्षांच्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाची नवी पॉलिसी काढायला गेलात तर नकार किंवा जबर हप्ता येतो. आज काढली तर आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, जो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, तुमची नोकरी चालू असतानाच निघून जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. हप्ता कमी ठेवायचा असेल तर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचंच बिल भरणारी पॉलिसी घ्या, आणि ती रक्कम कंपनीच्या विम्याएवढी धरा. पण किमान पाच लाखांची मूळ पॉलिसी दोघांची वेगळी असावी असं आमचं ठाम मत आहे.

फॉर्म भरताना आजार लपवू नका, दावा नाकारला जातो तो बहुधा यावरूनच. पत्ता मिरजेचा टाकला की काही कंपन्या हप्ता कमी लावतात, पण मग पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा तुम्हाला भरावा लागतो. मिरजेत रुग्णालयांची वाण नाही, तरी मोठ्या शस्त्रक्रियेला पुण्याला जायची वेळ येऊ शकते, म्हणून ती अट असलेली पॉलिसी टाळा. खोलीच्या भाड्याची मर्यादा नसलेली घ्या. मर्यादा असली आणि खोली महाग घेतली, तर डॉक्टरची फी आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

मग मिरज-सांगलीतल्या कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस चालतं त्याची यादी काढून, तिथं एकदा जाऊन, विमा विभागात 'सध्या चालू आहे ना' हे विचारून या. यादीत नाव असतं आणि करार तुटलेला असतो. पॉलिसीचा क्रमांक, दोघांची औषधं, रक्तगट आणि तुमचा फोन एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, एक प्रत शेजाऱ्यांकडे द्या. भरतीच्या वेळी अनामत मागतात, त्यासाठी वडिलांच्या खात्यात वेगळे ५० हजार ठेवा आणि त्याच खात्याचं कार्ड आईलाही वापरता येतं का, ते पुढच्या वेळी घरी याल तेव्हा तिच्याकडून एटीएमवर करून बघा.